बंद पडलेला रीफ टँक पुन्हा सुरू करताना: आधी जिवाणू, मग मासे, आणि प्रकाश सर्वांत शेवटी

गोव्यात घरचे रीफ टँक, म्हणजे समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाक्या, बंद पडण्याचा मोसम जवळपास ठरलेला आहे: जून ते सप्टेंबर. पावसात माडाची झावळी तारांवर पडते, वीज जाते, इन्व्हर्टर पहाटेपर्यंत कसाबसा टिकतो आणि टाकीतला पंप थांबतो. चवथीला घर बंद करून मूळ गावी गेलेली मंडळी परत येतात तेव्हा पाणी दुधाळ झालेलं असतं आणि खोलीभर कुजका वास सुटलेला असतो. मग टाकी काही महिने कोपऱ्यात तशीच पडून राहते. दिवाळीच्या सुमारास पुन्हा उमेद येते आणि प्रश्नही येतो: काच आहे, पंप आहे, खडक आहेत, महागडा लाईट आहे. मग पाण्यात मीठ कालवून टाकी भरली की मासे कधी सोडायचे?

उत्तर ऐकून बहुतेकांचा विरस होतो. साधारण दीड ते दोन महिन्यांनी (जुन्या टाकीत रोग होता तर अडीच), आणि तोवर तो महागडा लाईट लावायचाच नाही. पहिला लाईट लागतो तो दुसऱ्याच एका टाकीवर, आणि ती टाकी बऱ्याच जणांकडे नसतेच. नवीन मासे आणि प्रवाळ मुख्य टाकीत जाण्याआधी काही आठवडे जिथे वेगळे ठेवतात, ती क्वारंटाइन टाकी. हा उलटा वाटणारा क्रम का आहे, ते पाहू.

टाकी बंद पडते तेव्हा नेमकं काय मरतं?

मासे मेलेले दिसतात. पण खरं नुकसान न दिसणाऱ्या जिवांचं झालेलं असतं. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो, आणि उरलेलं अन्न कुजूनही अमोनियाच होतो. तो माशांना विषारी असतो. खडकांच्या बारीक छिद्रांत, वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात राहणारे जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी असतं आणि पाणी बदलून काढता येतं. ही साखळी टाकीत उभी राहण्याच्या काळाला हौशी लोक ‘सायकल’ म्हणतात. जिवंत, ओला खडक म्हणजे टाकीचं विरजण. ते असेल तर नवं पाणी लवकर ‘लागतं’. ते मेलं असेल तर सगळं पहिल्यापासून.

हे जिवाणू ऑक्सिजनवर जगतात. पाणी जितकं गरम आणि खारट, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. 30 अंश तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम सहा मिलिग्रॅम. पंप थांबला की माशांनी भरलेल्या टाकीत तो काही तासांत संपू शकतो. मग वेगळ्याच जिवाणूंचं राज्य सुरू होतं. ते ऑक्सिजनऐवजी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्याचा तो वास आणि वाळूतले काळे पट्टे ही त्याचीच खूण.

आपल्या समुद्रातही हेच घडतं, फार मोठ्या प्रमाणावर. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोरच्या पाण्याची वर्षानुवर्षं मोजणी करत आली आहे. पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, तिथल्या खालच्या थरातला ऑक्सिजन संपतो आणि हायड्रोजन सल्फाइड सापडतो. वरचं हलकं, गोडसर पाणी झाकणासारखं बसतं, त्यामुळे खालच्या पाण्याला हवा लागत नाही. टाकीत पंप आणि पाणी ढवळणारा वेव्हमेकर हे झाकण बसू देत नाहीत. म्हणून वीज गेल्यावर सगळ्यात आधी वाचवायची वस्तू म्हणजे पाण्याची हालचाल. बॅटरीवर चालणारा एक साधा एअर पंप त्या रात्री लाईट, हीटर, फेसाबरोबर घाण काढणारा स्किमर या सगळ्यांपेक्षा मोलाचा ठरतो.

जुने खडक आणि वाळू ठेवायची का?

वाळूचं उत्तर सोपं आहे. महिनोन्‌महिने साचलेल्या पाण्याखाली राहिलेली वाळू काढून टाका. ती ढवळताना दारं-खिडक्या उघडी ठेवा, कारण हायड्रोजन सल्फाइड माणसालाही घातक असतो. नवी वाळू त्या मानाने स्वस्त पडते.

खडकांचं मात्र बघून ठरवावं लागतं. मासे गेले पण पंप चालूच होता, अशी टाकी असेल तर खडक जिवंत आहेत, त्यांना हात लावू नका. साचलेल्या पाण्यात कुजलेले किंवा कोरडे पडलेले खडक असतील तर त्यांच्या छिद्रांत मेलेले स्पंज, किडे आणि शेवाळ अडकलेलं असतं. असे खडक तसेच टाकीत रचले तर ते कित्येक आठवडे अमोनिया आणि फॉस्फेट सोडत राहतात आणि नंतर हिरव्या केसाळ शेवाळाचा त्रास मागे लागतो. म्हणून आधी बाहेर, झाकणाच्या मोठ्या प्लास्टिक ड्रममध्ये खारं पाणी, पंप आणि अंधार. दर आठवड्याला पाणी बदलायचं, अमोनिया आणि फॉस्फेट खाली येईपर्यंत. घाई असेल तर ब्लीचच्या पाण्यात भिजवून सगळं जैविक उरलंसुरलं जाळून टाकता येतं. त्यानंतर भरपूर पाण्याने धुवायचं, उन्हात वाळवायचं आणि उरलेलं क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने मारायचं. जुन्या फोटोग्राफरांना हेच रसायन ‘हायपो’ म्हणून माहीत आहे. फॉस्फेट काढण्यासाठी काही जण ब्लीचनंतर खडकांना आम्लाची आंघोळ घालतात. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, त्यामुळे या दोन्ही गोष्टी वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या भांड्यांत करायच्या.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतो आहे. खडक उकळू नका. रीफ टँकमध्ये झोअँथिड नावाचे बटणासारखे रंगीत प्रवाळबंधू सर्रास असतात. त्यांच्यातल्या काहींत, विशेषतः पालिथोआ जातींत, पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. ते उकळल्याने नष्ट होत नाही, उलट वाफेबरोबर हवेत पसरतं. घरात खडक उकळून सगळं कुटुंब इस्पितळात पोचल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या गेल्या आहेत. सुकलेला झोअँथिड ब्रशने घासतानाही हातात मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. हातावर जखम असेल तर ते काम दुसऱ्या दिवसावर टाका.

समुद्र दारात असताना मीठ विकत कशाला?

मिरामारच्या किनाऱ्यावर पाच मिनिटांत पोचणाऱ्या माणसाने हे विचारणं अगदी रास्त आहे. अडचण अशी की किनाऱ्याजवळचं पाणी बाराही महिने सारखं नसतं. पावसाळ्यात मांडवी आणि झुआरी इतकं गोडं पाणी आणतात की खाडीतल्या वरच्या थराची खारटी फार खाली येते. त्यातच बंदराची वाहतूक, बोटींचं तेल आणि वस्तीचं सांडपाणी. उन्हाळ्यात, किनाऱ्यापासून दूर जाऊन आणलेलं पाणी वापरणारे लोक आहेत, पण ते दर वेळी मोजून आणि गाळून घेतात. त्या पाण्याबरोबर परजीवीही येऊ शकतात. घरगुती टाकीसाठी मी त्या वाटेला जायला सांगणार नाही.

‘मग आगरातलं मीठ?’ हाही प्रश्न येतो, कारण आगरवाड्याकडे अजून मिठागरं पिकतात. पण मिठागराची सगळी कला नेमकी आपल्याला नको असलेल्या दिशेने जाते. पाणी आटत जातं तसं आधी कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं, मग जिप्सम, त्यानंतर मीठ. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम शेवटच्या कडू पाण्यात राहतात आणि ते पाणी सोडून दिलं जातं. ताटात येतं ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. जेवणाला ते उत्तम. प्रवाळांना सांगाडा बांधायला मात्र कॅल्शियम लागतं आणि त्याचा तोल राखायला मॅग्नेशियम. रीफ सॉल्टमध्ये हे सगळं समुद्राच्या प्रमाणात परत घातलेलं असतं. नेम साधा आहे: लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार, म्हणजे विशिष्ट गुरुत्व 1.025 ते 1.026, कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम, मॅग्नेशियम 1300 पीपीएमच्या आसपास. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांतले भाग. पुढे हेच एकक येईल.

गोडं पाणीही नळाचं किंवा विहिरीचं थेट चालत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि इथल्या जांभ्यातल्या विहिरींत बऱ्याचदा लोह. आरओनंतर डीआयनायझेशनचा, म्हणजे उरलेसुरले क्षार काढण्याचा, टप्पा लावून टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) शून्यावर आणायचा. घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी रोजची भर घालायला तात्पुरतं चालेल, पण त्यात मुद्दाम क्षार परत मिसळलेले असतात, हे लक्षात असू द्या. आणि पावसाळ्यात मिठाचं पाकीट उघडं ठेवलं तर ते दमट होऊन दगड बनतं. मग वजन करून घातलेलं मीठ कमी पडतं. वजनावर विसंबण्यापेक्षा खारटी मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर विसंबा, आणि तो 35च्या प्रमाणित द्रावणावर तपासून घ्या.

सायकल झाली हे ओळखायचं कसं?

पाणी भरलं, खडक रचले, तापमान 25-26 अंशांवर आलं, पंप सुरू झाला. आता जिवाणूंना खाद्य हवं. पूर्वी त्यासाठी एक-दोन ‘काटक’ मासे सोडायचे. ते जगले तरी कल्ले जळलेले घेऊनच जगायचे. आज त्याची गरज नाही. अमोनियम क्लोराइडचं द्रावण घालून अमोनिया 2 पीपीएमवर न्यायचा आणि रोज टेस्ट किटने मोजायचा. सुरुवातीला आकडा हलतच नाही. मग एके दिवशी अमोनिया उतरू लागतो, नायट्राइट चढतं, आणि काही आठवड्यांनी नायट्राइटही पडतं. घातलेला 2 पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्य झाला आणि नायट्राइटही शून्य दिसलं, की सायकल झाली म्हणायची. कोरड्या खडकांना चार ते सहा आठवडे सहज लागतात. कुणाच्या चालू टाकीतला, रोगमुक्त असल्याची खात्री असलेला एक ओला खडक मिळाला तर बरेच कमी.

‘बाटलीतले जिवाणू घातले की दुसऱ्या दिवशी मासे, असं दुकानदार म्हणाला,’ हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. चांगल्या, ताज्या बाटलीने काम खरोखर लवकर होतं. पण बाटलीतला माल जिवंत असावा लागतो, आणि आपल्याकडे तो मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत किती तापला, हे कुणालाच कळत नाही. म्हणून बाटली घाला, पण विश्वास टेस्ट किटवर ठेवा.

एक बारकावा इथे उपयोगी पडतो. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो आणि त्यातलं एकच रूप फार विषारी असतं. पीएच जितका जास्त, तितकं ते विषारी रूप वाढतं. रीफ टँकचा पीएच 8.2च्या आसपास असतो, त्यामुळे गोड्या पाण्याच्या टाकीत मासा जो आकडा सोसतो, तोच इथे जीवघेणा होतो. नायट्राइटचं मात्र उलट आहे. समुद्राच्या पाण्यातलं भरपूर क्लोराइड त्याला माशांच्या कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. गोड्या पाण्याच्या अनुभवावरून नायट्राइट बघून घाबरणारे आणि अमोनिया बघून निवांत राहणारे, दोघांनीही इथे क्रम उलटा करायला हवा.

एवढे दिवस लाईट बंद का?

कारण या काळात टाकीत प्रकाशाचं गिऱ्हाईक एकच असतं: शेवाळ. जिवाणूंना प्रकाश लागत नाही. प्रवाळ अजून आलेले नसतात. पाण्यात अमोनिया आणि फॉस्फेट आहे, त्यावर दहा तास झगझगीत प्रकाश टाकला की आपण शेवाळाची शेती केली. पुढे लाईट सुरू केल्यावरही आधी तपकिरी डायटम येतात, मग लालसर सायनोबॅक्टेरियाची साय. हा टप्पा बहुतेक टाक्यांना येतोच. घाबरून नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्यावर आणलं, तर डायनोफ्लॅजेलेटचा तंतुमय, बुडबुडे धरणारा थर बसतो, आणि तो हटवणं सगळ्यात अवघड. दोन्ही थोडे शिल्लक असू द्यावेत.

प्रकाशाचं एवढं महत्त्व का, हे प्रवाळाच्या पोटात दडलेलं आहे. प्रवाळ हा प्राणी. पण त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात, ती प्रकाशातून अन्न बनवतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतात. उष्णता किंवा प्रकाश सोसण्याच्या पलीकडे गेला की ही शैवालं उपयोगाऐवजी अपाय करू लागतात आणि प्रवाळ त्यांना बाहेर टाकतो. रंग जातो, पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेने जगभर चौथं मोठं ब्लीचिंग सुरू असल्याचं जाहीर केलं, आणि त्या उन्हाळ्यात आपल्या लक्षद्वीपच्या प्रवाळांनाही त्याची झळ बसली. बातम्यांत ते समुद्राच्या तापमानामुळे घडलं. घरच्या टाकीत तेच एका दुपारी, आपल्या हाताने, लाईटचा मोबाइल ॲप शंभर टक्क्यांवर नेऊन घडवता येतं.

प्रकाश मोजायचा तर वॅट उपयोगाचे नाहीत, ते विजेचं बिल सांगतात. लक्सही माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने असतं. प्रवाळांसाठी मोजतात ते ‘पार’, म्हणजे 400 ते 700 नॅनोमीटरमधला, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश. भर दुपारच्या उघड्या उन्हात पार 2000च्या आसपास जातो. मशरूम प्रवाळांना 50 ते 100 पुरतो, झोअँथिड आणि लेदर प्रवाळांना साधारण 100 ते 150. फांद्यांच्या दगडी प्रवाळांना 200 ते 350. हे आकडे ढोबळ आहेत, पण घरात दिसणाऱ्या बऱ्याच टाक्यांत लाईट गरजेपेक्षा दुप्पट असतो, हे कळायला तेवढे पुरेत.

माशांच्या क्वारंटाइनला लाईट किती?

फार थोडा. 60-80 लिटरची, तळाशी वाळू नसलेली टाकी, आधी सायकल करून जिवाणू बसवलेला स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाईपचे तुकडे, हीटर आणि वर जाळी. खडक-वाळू नाही, कारण ते औषध शोषतात. अशा टाकीत मासा आधीच बिथरलेला असतो. पहिला दिवस लाईट बंदच ठेवा. पुढे खोलीतला उजेड किंवा एक साधी मंद पट्टी, दिवसाला आठ-दहा तास, टायमरवर. खिडकीत टाकी ठेवू नका. गोव्यातलं मार्च-एप्रिलचं ऊन लहान टाकीला दुपारपर्यंत शिजवतं.

पण अंधार कायमचा नको, कारण लाईटचं इथलं काम तपासणी हे आहे. समुद्री माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, काही दिवस माशाच्या अंगावर राहतो, मग गळून तळाशी कवच करतो आणि त्यातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. हे गळणं आणि बाहेर पडणं प्रामुख्याने अंधाराच्या वेळी होतं. म्हणून संध्याकाळी भरपूर ठिपके असलेला मासा सकाळी स्वच्छ दिसतो आणि घरातला माणूस ‘बरा झाला’ म्हणून सुटकेचा श्वास टाकतो. तो बरा झालेला नसतो. दिवस-रात्रीची वेळ पक्की ठेवली तर हा खेळ ओळखता येतो. दुसरा रोग, व्हेल्वेट, त्याहून घातक: काही दिवसांत सगळे मासे नेऊ शकतो. खोली अंधारी करून माशावर बाजूने तिरका टॉर्च मारला तर कातडीवर सोनेरी-पांढरी, मैद्यासारखी बारीक धूळ दिसते. समोरून, भरपूर उजेडात ती दिसतच नाही.

औषध तांब्याचं द्यायचं असेल तर मात्रा टेस्ट किटने मोजा. साध्या आयनिक तांब्याची आणि चिलेटेड (दुसऱ्या रेणूत बांधलेल्या) तांब्याची मात्रा यांत कित्येक पटींचा फरक असतो, तेव्हा बाटलीवर काय लिहिलंय ते नीट वाचा. हिवतापावरचं क्लोरोक्विनही काही जण जाणकाराच्या सल्ल्याने वापरतात. ते प्रकाशात खराब होतं, म्हणून त्या काळात टाकीवरचा लाईट बंद, तपासणीपुरता टॉर्च. आणि तांबं लागलेली जाळी, स्पंज, पाईप पुन्हा रीफ टँकमध्ये न्यायचे नाहीत. गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळांना तांबं थोडंसुद्धा सोसत नाही.

जुन्या मुख्य टाकीत रोग होता आणि खडक ओलेच राहिलेत, तर ती टाकी माशांशिवाय चालू ठेवायची. यजमान मासा नसला की परजीवी मरतो. हौशी लोकांत 76 दिवसांचा सावध आकडा रूढ आहे. आता सायकलचे सहा आठवडे, ही माशांविना वाट पाहणं आणि नव्या माशांचं क्वारंटाइन एकाच वेळी चालू शकतात, हे लक्षात आलं की ‘एवढा वेळ कुठून आणू’ हा प्रश्न बराचसा सुटतो. म्हणूनच मी म्हणतो, पुन्हा सुरुवात करणाऱ्याने पैसे आधी क्वारंटाइन टाकीवर खर्च करावेत.

प्रवाळांचं क्वारंटाइन: इथे लाईट हवाच

प्रवाळांची टाकी वेगळी. त्यात औषधी तांबं कधीही गेलेलं नसावं. इथे मंद खोलीचा उजेड चालत नाही, कारण प्रवाळ सहा ते अकरा आठवडे राहणार, आणि तेवढे दिवस तो उपाशी ठेवता येत नाही. इतके दिवस का? माशांच्या परजीवीचं कवच प्रवाळाच्या बुडाच्या दगडावर चिकटून येऊ शकतं म्हणून. शिवाय प्रवाळ खाणारे जीव असतात. झोअँथिड खाणारी न्यूडीब्रँक गोगलगाय ज्या झोअँथिडवर राहते, त्याचाच रंग घेते. आयोडीनच्या पाण्यात बुडवलं की ती मरते, पण तिची अंडी वाचतात. झोअँथिडच्या देठाजवळ चिकट, पारदर्शक वळसा दिसला तर ती अंडी. ती फुटेपर्यंत थांबून पुन्हा बुडवावं लागतं, नाहीतर मुख्य टाकीत ती पिढी वाढते.

म्हणूनच या टाकीवर निव्वळ निळा लाईट नको. ‘पण निळ्या प्रकाशात प्रवाळ किती सुंदर चमकतात,’ असं म्हटलं जातं, आणि ते खरंच आहे. समुद्रात खोलवर निळाच प्रकाश जास्त पोचतो, शैवालांनाही तो मानवतो. पण निळ्यात अंडी, कुजलेली कड, रंग उडणं, काही दिसत नाही. निळा आणि पांढरा दोन्ही चॅनल असलेला छोटा एलईडी घ्या, दिवसातून थोडा वेळ पांढरा वाढवून नीट बघा, आणि रात्री लाईट विझल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन पुन्हा बघा. न्यूडीब्रँक तेव्हा बाहेर निघतात.

किती पार ठेवायचा? मुख्य टाकीत तो प्रवाळ जिथे बसणार आहे, तिथे असेल तेवढा, किंवा जरा कमी. नाहीतर दुकानाच्या प्रकाशातून क्वारंटाइनच्या, आणि तिथून मुख्य टाकीच्या, असं दोनदा जुळवून घेण्याचा ताण पडतो. पार मीटर महाग आहे, चार-पाच जणांनी मिळून घेतला तर परवडतो. नसेल तर लाईट 20-30 टक्क्यांवर सुरू करा, आठवड्याला पाचेक टक्के वाढवा आणि प्रवाळाकडे बघा. प्रकाश कमी पडला तर झोअँथिडचे देठ लांबतात, तोंडं वर ताणली जातात, रंग तपकिरी होतो. जास्त झाला तर ते दिवसाढवळ्या मिटून राहतात, मशरूम आकसतो, कडा मुडपतात आणि मध्यभाग फिका पडतो. फिकेपणा दिसला की त्याच दिवशी लाईट उतरवा. तपकिरी झालेला प्रवाळ पुन्हा रंग धरतो, ब्लीच झालेला नेहमी परत येत नाही.

लाईट टांगताना

पाण्यापासून वीसेक सेंटिमीटर तरी वर. खारे शिंतोडे आणि आपली दमट हवा मिळून एलईडीची पाठ आणि स्क्रू एका पावसात गंजवतात. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने मीठ पुसा, अर्थात प्लग काढून. प्रत्येक वायर प्लगच्या खालून वळसा घेऊन वर जाऊ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटात न जाता वळशातून खाली ठिबकतं. टाकीची सगळी विजेची जोडणी 30 मिलिॲम्पियरच्या आरसीसीबीवर, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर, असावी. जुन्या घरांत अर्थिंगच धड नसतं. टाकी भरण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

लाईटबरोबर उष्णताही येते. उन्हाळ्यात पाण्यावर फिरवलेला पंखा बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरवतो, पण जुलैच्या दमट हवेत तो जेमतेम काम करतो. बाष्पीभवनात पाणी जातं आणि मीठ मागे राहतं, म्हणून भर नेहमी गोड्या पाण्याची. मे महिन्यात पाणी 29च्या वर रेंगाळत असेल तर प्रकाशाचे तास दुपारऐवजी संध्याकाळी सरकवा. प्रवाळांना दिवस कधी उजाडतो याने फरक पडत नाही, रोज त्याच वेळी उजाडावा एवढंच.

कोणते प्रवाळ आणायचे?

इथे कायदा स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 मध्ये सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाईप प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्री पंखे घातले गेले. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. गोव्याच्या किनाऱ्यासमोरच्या ग्रँड आयलंड बेटाभोवती आपल्या गढूळ पाण्यात तग धरून असलेले प्रवाळ तोडणं तर सोडाच, किनाऱ्यावर मेलेला तुकडा उचलून टाकीत ठेवणंही अंगाशी येऊ शकतं. समुद्री घोडे आणि समुद्री काकड्याही त्याच यादीत आहेत. परदेशातून आलेले, साइट्स करारातले (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) प्राणी बाळगणाऱ्यांसाठी नोंदणीचे नियम 2024 मध्ये आले आहेत, तेव्हा बिल आणि कागदपत्रांशिवाय काही घेऊ नका. पुन्हा सुरुवात करणाऱ्याला मशरूम, झोअँथिड आणि लेदर हे मऊ प्रवाळ पुरेसे आहेत. प्रकाश कमी लागतो, चुका सोसतात. माशांत टाकीत जन्मलेले क्लाउनफिश मागा. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या प्रजननाचं तंत्र कधीच बसवलं आहे. असे मासेही क्वारंटाइनमधूनच न्यायचे, कारण दुकानाच्या टाकीत त्यांचं पाणी इतर माशांशी मिसळलेलं असतं.

आणि जुन्या टाकीतलं जे नको असेल, पाणी, खडकांवरचं शेवाळ, वाचलेली गोगलगाय, ते मांडवीत किंवा जवळच्या मानशीत (खाडीच्या बांधावरच्या झडपेच्या दारात) सोडू नका. टाकीतल्या कितीतरी जाती इथल्या नाहीत. पाण्यात ब्लीच घालून ते दिवसभर ठेवा आणि घरच्या सांडपाण्यात ओता. खडक वाळवा.

क्वारंटाइन संपलं की प्रवाळ मुख्य टाकीत संध्याकाळी हलवा, तळाजवळ ठेवा आणि त्या दिवशी लाईट लावू नका. दुसऱ्या दिवशी क्वारंटाइनमध्ये होता त्याच टक्क्यांवर सुरुवात करा. जागा वर न्यायची असेल तर दोन आठवड्यांनी, एका वेळी एक पायरी.